एक वस्तू, एक आठवडा: पहिली-दुसरीच्या वर्गात हातांनी शिकवताना

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत पहिलीला येणारे मूल रिकाम्या हातांनी येत नाही. आजीशेजारी बसून त्याने तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) निवडलेल्या असतात. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना घरच्यांच्या हाती एकेक फळ दिलेले असते. फेरीबोटीच्या कठड्याला धरून मांडवी ओलांडलेली असते. वर्गात आल्यावर मात्र त्याच्यापुढे येतो तो तक्ता: सफरचंद, उंट, आगगाडी. हाताने ओळखलेले सगळे दाराबाहेर राहते.

माझे म्हणणे असे आहे की सहा-सात वर्षांच्या मुलांना संख्या, अक्षरे आणि निरीक्षण शिकवायचे तर गावातली एकच वस्तू घ्यावी आणि आठवडाभर तिच्यावरच राहावे. रोज नवा विषय, रोज नवे चित्र, रोज नवी हस्तकला केल्याने वर्ग रंगीत दिसतो, पण मुलाच्या हाती फारसे उरत नाही. एकाच वस्तूपाशी पाच दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात आणि खरे शिकणे तिथून सुरू होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वय वर्षे ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. पहिली-दुसरी त्यातच येते. या टप्प्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला आणि त्याचा भर खेळ आणि प्रत्यक्ष अनुभव यांवर आहे. पालकांनी किंवा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ‘पुस्तक कधी उघडणार?’ असे विचारले, तर हे ठामपणे सांगता येते. पुस्तक सोडायचे नसतेच. आठवडाभर हाताळलेल्या वस्तूवरचा धडा मुले नंतर फार लवकर वाचतात.

वस्तू कशी निवडावी

वस्तू गावात भरपूर आणि फुकट मिळणारी असावी. तिला वेगवेगळे भाग असावेत, ती हातात धरता यावी आणि घरी कुणाला तरी तिच्याबद्दल बरेच ठाऊक असावे. अंतराळ किंवा डायनासोर हे विषय मुलांना आवडतात, पण वर्गात हातात धरायला काही नसते आणि सगळे चित्रांवर येऊन थांबते. नारळ, पाऊस, माती, शिंपल्या, भेंडी, आठवड्याचा बाजार हे आपल्याकडचे भरवशाचे विषय.

एक वस्तू मात्र टाळा. मार्च-एप्रिलात काजूचा हंगाम असतो आणि मुले हौसेने बिया घेऊन येतात. कच्च्या काजूबीच्या टरफलातले तेल कातडीला भाजते, फोड येतात. वर्गात बोंडू आणा, हुंगायला द्या, त्याचा रस पिळून दाखवा. बी आधीच काढून बाजूला ठेवा आणि ती फोडण्याचा उपक्रम या वयाला करूच नका.

वस्तू ठरली की एका कागदाचे चार भाग करा आणि प्रत्येकात एक प्रश्न लिहा: यात काय मोजता येईल? काय बोलता, वाचता, लिहिता येईल? काय करून पाहता येईल? काय बनवता येईल? चारही चौकोनांत दोन-दोन गोष्टी सहज सुचल्या तर विषय चांगला. एखादा चौकोन ओढूनताणून भरावा लागत असेल तर ती वस्तू आठवड्यासाठी नको, एखाद्या दिवसासाठी ठेवा.

आधीची तयारी

पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या. प्रत्येक मुलाने एकच गोष्ट आणायची आणि ती विकत घ्यायची नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. कुणाकडे झावळी असेल, कुणाकडे करवंट्या, कुणाकडे दळणाचा जुना डबा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, आवाठात माड नसलेल्या मुलांना रबरबँड, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या अशी घरात हमखास सापडणारी वस्तू सांगा, म्हणजे कुणीही रिकाम्या हाताने येऊन कोपऱ्यात बसणार नाही.

शाळेत कायमची एक पेटी असू द्या. तिच्यात एक मोठे घमेले, दोन सारख्या मापाचे पेले, एक लिटरची बाटली, मोजपट्ट्या, सुतळी, चिंचोके, मेणखडू आणि हात पुसायला जुने पंचे ठेवा. कात्री बोथट टोकाची घ्या. विळी, कोयता, आडोळी हे सगळे मोठ्यांच्या हातचे. जे कापायचे, सोलायचे, किसायचे ते आदल्या दिवशी उरकून ठेवलेले बरे. आडोळीवर नारळ किसून दाखवायला एखाद्या मुलाची आजी वर्गात आली तर उत्तम, मुलांनी मात्र हातभर लांब बसून पाहायचे.

पावसाळ्यात कागद ओलसर होतात, तक्ते गुंडाळले जातात आणि गव्हाच्या पिठाच्या खळीला दोन दिवसांत बुरशी येते. खळ रोजची रोज थोडीच शिजवा. भिंतीवर चिकटवण्यापेक्षा वर्गात आडवी सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी कागद लावा. वीज कधीही जाते, तेव्हा प्रोजेक्टर किंवा मोबाईलवर अवलंबून असलेला उपक्रम जून ते सप्टेंबरात आखूच नका.

नारळाचा आठवडा

हा आठवडा मी सविस्तर देते, कारण एकदा तो नीट जमला की बाकीचे विषय याच साच्यात बसवता येतात. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. उन्हे असतात, वस्तू वाळतात, मुलांना बाहेर बसवता येते.

सोमवारी फक्त ओळख. चार-पाच मुलांच्या प्रत्येक गटाला सोडणासकट (वरच्या काथ्याच्या सालीसकट) एक नारळ, एक सोललेला नारळ, एक करवंटी, मूठभर काथ्या आणि झावळीचा हातभर तुकडा द्या. शहाळे सगळ्या वर्गात मिळून एक पुरे. पहिली दहा मिनिटे आपण काही सांगायचे नाही. मुलांना एकच काम द्या: डोळे मिटूनही जे कळते ते या नारळाबद्दल सांगा. मग मुले हुंगतात, कानाशी हलवतात, गालाला काथ्या लावून पाहतात. कुणी म्हणते, ‘हातूंत उदक वाजता.’ ते वाक्य दुरुस्त करू नका. फळ्यावर मुलाचे वाक्य जसेच्या तसे लिहा आणि त्याखाली मराठीत ‘यात पाणी वाजते’ असे लिहा. कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूल असेल तर त्याचाही शब्द देवनागरीत लिहून फळ्यावर आला पाहिजे. पहिल्या दिवशी फळ्यावर ज्याचा शब्द आला, ते मूल आठवडाभर बोलते.

त्यानंतर सोललेल्या नारळाचे तीन डोळे दाखवा. प्रत्येक गटाला टोक खुडलेला एक जाडसर हीर (झावळीच्या पात्यातली काडी) द्या आणि तिन्ही डोळे हळूच दाबून पाहायला सांगा. दोन डोळे अजिबात दबत नाहीत. तिसऱ्यावर हीर टेकला की तो किंचित आत जातो आणि वर्गात एकच गलका होतो. मुलांना वाटते आपल्याच नारळात काहीतरी वेगळे आहे. मग सगळे गट एकमेकांचे नारळ तपासतात आणि प्रत्येकात एकच मऊ डोळा सापडतो. कोंब याच डोळ्यातून बाहेर येतो. कुणाच्या पोरसात कोंब आलेला नारळ असेल तर तो शेजारी ठेवा. मी हे फळ्यावर चित्र काढून कधीच सांगत नाही, बोटाला जे कळले ते चित्राने पुसले जाऊ नये म्हणून.

मंगळवार मोजणीचा. आदल्या दिवशी झावळीची पाती सोलून हीर काढून ठेवा, टोके कापून टाका. प्रत्येक गटाला मूठभर हीर द्या आणि आधी अंदाज करायला लावा. अंदाज पाटीवर लिहिल्याशिवाय मोजायचे नाही. मग दहा-दहाच्या जुड्या करून रबरबँड लावायचे. जुड्या डावीकडे, सुटे हीर उजवीकडे.

ही डावी-उजवी बाजू फार महत्त्वाची आहे. आपण ‘तेवीस’ म्हणतो तेव्हा तोंडात तीन आधी येतो आणि वीस नंतर, म्हणून कितीतरी मुले ३२ लिहितात. त्यांना ओरडून काही होत नाही. डावीकडे दोन जुड्या, उजवीकडे तीन सुटे आणि जुड्यांच्या खाली २, सुट्यांच्या खाली ३ असे समोर मांडले की हात आपोआप २३ लिहितो. एकोणतीसची गंमतही इथेच उलगडते. दोन जुड्या आणि नऊ सुटे घ्या, तिसऱ्या जुडीला किती कमी असे विचारा. मूल एक हीर उचलते, रबरबँड लावते आणि तीस म्हणते. एकोणचाळीस, एकोणपन्नास मग पाठ करावे लागत नाहीत. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या मुलांसाठी ९९ पर्यंतच्या संख्यांचे उद्दिष्ट आहे आणि नऊ जुड्या नऊ सुटे हीर ही त्याची सर्वांत स्वस्त साधनसामग्री आहे.

बुधवारी पाण्याचे घमेले. काय तरंगेल आणि काय बुडेल, हे आधी हात वर करून ठरवायचे. सोडणासकट नारळ तरंगतो, कारण काथ्यात हवा भरलेली असते. समुद्राच्या पाण्यावरून नारळ दूरच्या किनाऱ्याला लागतात ते यामुळेच. सोललेला नारळ टाका आणि प्रत्येक गटाला आपापला नारळ कसा वागतो ते पाहू द्या. मग खरी मजा: अख्खी करवंटी पाण्यावर ठेवली की होडीसारखी तरंगते आणि त्याच करवंटीचा बोटभर तुकडा तळाशी जातो. ‘जड असते ते बुडते’ हे मुलांचे आवडते उत्तर इथे चालत नाही. लगेच कारण सांगू नका. करवंटीत एकेक चिंचोका टाकत जायला सांगा. किती चिंचोक्यांपर्यंत ती तरते? एका गटाची पंधरालाच कलंडते, दुसऱ्याची पुढे जाते, आणि मुलांच्या लक्षात येते की चिंचोके मधोमध ठेवले तर जास्त मावतात. इथे फेरीबोटीचा विषय काढा. लोखंडाची फेरीबोट गाड्या घेऊन पाण्यावर कशी राहते? गाड्या एकाच बाजूला लावल्या तर काय होईल? दुसरीची मुले यावर चित्र काढतात आणि खाली दोन वाक्ये लिहितात.

गुरुवारी मापे. तीन गटांना तीन वेगवेगळ्या करवंट्या आणि सारख्याच बादल्या द्या. बादली भरायला किती करवंट्या लागल्या? तीन उत्तरे येतात आणि प्रत्येक गट आपले उत्तर बरोबर म्हणून भांडतो. भांडू द्या. मग करवंट्या अदलाबदल करायला सांगा. सगळ्यांनी एकच माप वापरले पाहिजे हे मुलांच्या तोंडून आले की पेटीतली लिटरची बाटली बाहेर काढा. पुस्तकातला ‘लिटर’ हा धडा त्यानंतर घ्या, आधी नको. वेळ उरला तर कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना सुतळीने सारख्या करवंट्या टांगून तराजू करता येतो.

शुक्रवारी तोंडी आणि लेखी भाषा. मोठ्या कागदावर प्रत्येक मुलाचे एक वाक्य त्याच्या नावासकट लिहा. पहिलीचे मूल स्वतःचे वाक्य वाचते, मग शेजाऱ्याचे. आपण बोललेलेच असल्याने अनोळखी अक्षरांचाही अंदाज बांधता येतो. त्यानंतर गूळ-खोबऱ्याचे फोव करा. आग लागत नाही, पोहे, किसलेला नारळ आणि गूळ हाताने कालवायचे. कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारून ठेवा. कृती सांगताना ‘आधी, मग, त्यानंतर, शेवटी’ हे शब्द मुलांकडून वापरून घ्या, दुसरीला तीच कृती चार ओळींत लिहू द्या. डिसेंबरच्या थंड सकाळी खोबरेल तेलाची बाटली दाखवायला विसरू नका. साधारण २४ अंशांच्या खाली तेल गोठते. सकाळी पांढरे घट्ट आणि मधल्या सुट्टीपर्यंत पातळ, एवढे पाहूनही मुले घरच्या बाटल्या तपासू लागतात.

एकच शिक्षक, चार वर्ग

आपल्याकडे अनेक शाळांत एकाच खोलीत पहिली ते चौथी बसते आणि शिक्षक एकच असतात. तिथे चार वेगळे धडे चालवण्यापेक्षा एकच वस्तू मध्ये ठेवून चार वेगळी कामे देणे सोपे जाते. हीर मोजताना पहिली जुड्या बांधते, दुसरी दोन गटांच्या जुड्यांची बेरीज करते, तिसरी हिरांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून तक्ता करते, चौथी त्या तक्त्यावर प्रश्न तयार करते. मोठ्या मुलांना लहानांची राखण करायला बसवू नका, त्यांचेही शिकणे तेवढेच महत्त्वाचे आहे. त्यांनी केलेला तक्ता लहान मुलांना वाचून दाखवायचा, एवढेच पुरते.

तासिका चाळीस मिनिटांची धरली तर पहिली दहा मिनिटे एकत्र बसून अंदाज आणि सूचना, मधली वीस हातांचे काम, शेवटची दहा आवरणे आणि बोलणे. आवरायला वेळ राखलाच पाहिजे, नाहीतर पुढची तासिका ओल्या फरशीवर सुरू होते. टाळीचा एक ठरावीक ताल असू द्या: तो ऐकला की हातातली वस्तू खाली. हा ताल पहिल्या दिवशी नुसता खेळ म्हणून शिकवा.

पावसाचा आठवडा, जो चार महिने चालतो

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाऊसही. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नाळक्यासारखा (नरसाळ्यासारखा) आत बसवा. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा. तळ सपाट नसतो म्हणून आत थोडे खडे टाका, ते बुडेपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ ओढा. बाटली मोकळ्या जागी, पागोळ्यांपासून आणि झाडांपासून दूर, चार विटांच्या मध्ये ठेवा. रोज प्रार्थनेनंतर लगेच दोन मुलांनी जाऊन पाहायचे आणि पाणी पुन्हा रेघेपर्यंत आणायचे.

पाणी रेघेच्या वर जितके मिलिमीटर चढले, तितके मिलिमीटर पाऊस. पहिलीच्या मुलांना मोजपट्टी वाचता येत नाही, त्यासाठी सोपी युक्ती आहे. रंगीत कागदाची पट्टी बाटलीशेजारी धरा, पाण्याच्या उंचीला कापा आणि तारखेखाली चिकटवा. महिनाअखेरीस भिंतीवर स्तंभालेख तयार असतो आणि कोणत्या दिवशी सर्वांत जास्त पडला, कोणते दोन दिवस सारखे, कुठला दिवस कोरडा, हे सगळे मुले नजरेने वाचतात. शनिवार-रविवारी बाटली भरून वाहिली तर पट्टीवर तसे लिहा, आकडा मनाने घालू नका.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा मुलांना सांगून काहीच कळत नाही. चवथीच्या सुट्टीनंतर सगळ्या पट्ट्या एकापुढे एक जोडा आणि व्हरांड्यात पसरा. मग त्या पट्टीशेजारी एकेका मुलाला आडवे झोपवा. आपल्यापेक्षा पाऊस किती उंच, हे ज्याचे त्याला दिसते.

याच दिवसांत रस्त्याकडेला तेरें (रानटी अळू) उगवते. पानावर थेंब टाकला की तो न पसरता मोत्यासारखा घरंगळतो. कागद, कापड, छत्री, वर्तमानपत्र आणि पोफळीची पोय (झावळीच्या बुडाचे रुंद आवरण) यांवरही तसेच थेंब टाकून पाहा. तेऱ्याचा चीक खाजरा असतो, म्हणून पान देठासकट आपणच आणावे आणि मुलांनी ते फाडू नये.

भेंडी, शिंपल्या, बाजार

सांत इस्तेव बेटावरची सात शिरांची भेंडी गोव्यात प्रसिद्ध आहे. ती आणि बाजारात मिळणारी साधी पाच शिरांची, अशा दोन्ही आडव्या कापून ठेवा. रंगात बुडवून ठसे उमटवले की एक पाच कोपऱ्यांचे, एक सात कोपऱ्यांचे फूल उमटते. मुलांनी ठसे मोजून वेगळे करायचे. पाचाचा पाढा आणि साताचा पाढा या एकाच कागदावर दिसतो. रंग म्हणून हळद, बीट किंवा पाण्यात कालवलेली कावही चालते.

तिसऱ्या आणि खुब्यांच्या रिकाम्या शिंपल्या घरून मागवा, उकळून धुऊन उन्हात वाळवा. प्रत्येक शिंपलीला जोडीदार असतो, तो शोधायला लावा. जोड्या लागल्या की दोनाचा पाढा पुढ्यातच आहे, आणि एक शिंपली एकटी उरली तर विषम संख्या. आकाराने, रंगाने, रेघांनी गट करायला सांगा आणि गट कशावरून केले ते मुलालाच सांगू द्या. त्याचे उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असले तरी कारण पटणारे असेल तर ते बरोबर.

बाजार हा विषय दुसरीसाठी खास. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बहुतेकांनी पाहिलेला असतो, नसेल तर गावचा आठवडी बाजार असतो. वर्गात मांडताना विकण्याच्या तीन रीती ठेवा: वाट्याने, डझनाने, वजनाने. भाव मुलांनी घरी विचारून यायचे. नाण्यांवर कागद ठेवून मेणखडू घासला की छाप उमटतो, तीच आपली नाणी. सुटे पैसे परत करताना वजाबाकी मांडायला लावू नका. बाजारातली बाई करते तसे करा: सात रुपयांची मेथी, दहाची नोट, तर हातावर एकेक नाणे ठेवत ‘आठ, नऊ, दहा’. प्रत्येक मुलाने एकदा विकायचे आणि एकदा विकत घ्यायचे. लाजरी मुले गल्ल्यावर बसवली की बोलू लागतात, कारण गिऱ्हाईक समोर उभेच असते.

सणांच्या दिवसांत

२४ जूनच्या सांजावला (सेंट जॉनच्या सणाला) डोक्यावर घालायचे कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, हा आकृतिबंधाचा उत्तम पाठ आहे. पान, पान, फूल. पान, पान, फूल. मुलाने सुरू केलेला क्रम शेजाऱ्याने पुढे न्यायचा. गोल बंद करताना क्रम मोडतो तेव्हा एक पान काढायचे की फूल घालायचे, याचा विचार पहिलीची मुलेही करतात.

चवथीआधी माटोळीच्या वस्तू वर्गात आणताना प्रत्येकाने एकच फळ आणावे, रानातून ओरबाडून आणू नये. घागऱ्यांच्या शेंगा वाजवून पाहता येतात, सुपारीचे घोस मोजता येतात, चिबूड आणि तवशें वजनाला तोलता येतात. पण माटोळीतले सगळेच खाण्याजोगे नसते. कवंडळ विषारी आहे. तेव्हा ‘खायचे’ आणि ‘फक्त पाहायचे’ असे दोन पाट आधीच मांडा आणि वर्गात काहीही तोंडात घालायचे नाही हा नियम त्या आठवड्यात कडक ठेवा. शेवटी सगळ्यांचे हात साबणाने.

जानेवारीच्या सुमारास पौष अमावास्येला कुंभारजुवे कालव्याच्या आसपासच्या काही गावांत चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. त्या दिवसांत मातीकाम घ्या. शिंपल्यांचे खवले, काडीचे दात, बोटांनी दाबलेली शेपटी. कालव्यात खऱ्या मगरी आहेत, त्या काय खातात आणि काठावर पहुडून ऊन का घेतात, हे बोलणे ओघाने येते.

वर्गात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान घरची मुले एकत्र असतात. सण निवडताना वर्षभरात प्रत्येक मुलाच्या घरचे काहीतरी येईल असे पाहा आणि वर्गात पूजाविधी न करता वस्तूवर, रीतीवर आणि ती करणाऱ्या माणसांच्या हातकामावर राहा.

नोंदी कशा ठेवाव्यात

अशा वर्गात गुण देता येत नाहीत, पण नोंद हवीच. एका वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. रोज चार-पाचच मुले ठरवून पाहा आणि दिसले ते लिहा: ‘चौतीस हीर मोजले, जुड्या स्वतः बांधल्या’, ‘अंदाज करायला घाबरते’, ‘कोकणीत सलग बोलते, मराठीत एकेक शब्द’. ‘हुशार’, ‘मंद’ असे शेरे लिहू नका, त्यातून दुसऱ्या दिवशी काय करायचे हे कळत नाही. पालकसभेत हेच पान दाखवले की आईवडील गुणांबद्दल विचारायचे थांबतात आणि घरी काय करून घेऊ असे विचारतात. फोटो काढणार असाल तर पालकांची परवानगी आधी घ्या.

पुढच्या आठवड्याची आखणी या वहीतूनच होते. समजा एखादे मूल आठवड्याच्या शेवटीही जुड्या सोडून सगळे हीर एकापासून मोजत आहे. त्याला बेरजांचा वेगळा कागद देऊ नका. बाजार मांडाल तेव्हा त्याच्याच हाती गल्ला द्या, दहाच्या नोटा एका खणात आणि सुटी नाणी दुसऱ्या खणात.